तीन पेनांच्या खुणा

फ्रिजवरचा तक्ता भरायला इल्पोने तीन पेनं वापरली होती. एक निळं, एक काळं आणि एक हिल्लाच्या दप्तरातलं हिरवं. सहा आठवडे एकाच पेनाने भरले तर कुणालाही संशय येईल, एवढी अक्कल त्याला होती. ती अक्कल त्याने योग्य जागी लावली असती तर ही गोष्ट सांगायची वेळच आली नसती.

हिल्ला ही त्याची सहा वर्षांची मुलगी. मोज्याची शिवण बोटांना टोचली की ती मोजा भिरकावून द्यायची. बालवाडीत गोलात बसवलं की शेजारच्या मुलावर जाऊन आदळायची. आणि कुणी नुसता हात लावला तरी चटका बसल्यासारखी किंचाळायची. ऑगस्टमध्ये तिची शाळा सुरू व्हायची होती. शाळा समोरच्याच गल्लीत, स्वयंपाकघराच्या खिडकीतून दिसणारी. मुलांना शाळा दाखवायला नेलं, त्या दिवशीच खारीचं चित्र असलेली कोटाची खुंटी हिल्लाने आपली म्हणून ठरवून टाकली होती. पण ती या शाळेत निभावेल की तुर्कू शहराच्या दुसऱ्या टोकाला, कमी मुलांच्या लहान वर्गात, रोज टॅक्सीने जाईल, हे थेरपिस्टच्या अहवालावर ठरणार होतं.

थेरपिस्टचं नाव मार्केट्टा. एप्रिलच्या अखेरीस तिने घरी येऊन पाच गोष्टी शिकवल्या. पुस्तकांनी भरलेली कपड्यांची टोपली ढकलायची, गोधडीत घट्ट गुंडाळून घ्यायचं, अस्वलासारखं चालायचं, सुक्या वाटाण्यांत हात खुपसायचे, तळहातांवरून ब्रश फिरवायचा. "जोर लावला ना, की तिच्या अंगाला आपण कुठे आहोत ते कळतं," ती म्हणाली. "खेळच आहेत, पण औषधासारखे रोज करायचे. केलं की तक्त्यावर खूण करायची."

हिल्लाची आई औती मालवाहू जहाजावर आचारी होती. ती सहा आठवडे समुद्रावर असायची आणि सहा आठवडे घरी. तेव्हा ते सहा आठवडे सर्वस्वी इल्पोचे होते.

पहिल्या दिवशी त्याने पाचही गोष्टी केल्या. वाटाण्यांचं घमेलं हिल्लाने उलटं केलं, ती इल्पोच्या मनगटाला चावली, आणि खालच्या मजल्यावरच्या बाईंनी झाडूच्या दांड्याने छत ठोकलं. दुसऱ्या दिवशी तो दिवसभर बस चालवून, बालवाडीतून हिल्लाला घेऊन दमून आला. हिल्ला कानांना हेडफोन लावून कार्टून बघत शांत बसली होती. घरात कधी नव्हे ती शांतता होती. उद्या दुप्पट करू, असं म्हणून त्याने पाच खुणा केल्या. संध्याकाळी जहाजावरून औतीचा फोन आला.

"केलं का रे सगळं?"

"केलं की."

"मी नसताना तू किती करतोस रे," ती म्हणाली, आणि इल्पोला ते गोडही लागलं. तिथेच घोड्याने पेंड खाल्ली. पुढे तो रविवारी बसून आख्ख्या आठवड्याच्या खुणा एकदम करू लागला, पेन बदलून बदलून.

सहाव्या आठवड्यात मंगळवारी मार्केट्टा आली. तिने तक्त्याचा फोटो काढला आणि पुन्हा पुन्हा बघत राहिली.

"इल्पो, एक मेच्या सुट्टीलासुद्धा? आख्खं गाव ढोसून पडलेलं असतं त्या दिवशी!"

"सवय लागली की लागते," इल्पो म्हणाला. त्या दिवशी तो स्वतः बागेत पाय पसरून पडला होता.

"वीस वर्षांत असा तक्ता पाहिला नाही मी. गेल्या महिन्यात इथलाच अर्धा तक्ता मी एका आईला दाखवला. बघा म्हटलं, बसचा ड्रायव्हर एकट्याने करतोय." मग तिने चष्मा काढला. "म्हणूनच वाईट वाटतंय. निम्मं केलं असतं तर म्हटलं असतं, थांबू या अजून. पण तुम्ही काहीच सोडलं नाही, आणि तिच्यात तीळभर फरक नाही. म्हणजे हे तिला लागू पडत नाही. मला तसंच लिहावं लागेल. लहान वर्गच बरा."

आता बोल, आत्ता बोल, असं इल्पो स्वतःला बजावत होता. तोंडातून शब्द फुटला तो एवढाच: "कॉफी घेणार अजून?"

"घेते. आणि एवढा आठवडा पुरा करा, मग बंद. उगाच छळायला नको तिला."

टेबलाखाली बसून हिल्ला बाहीचं टोक चघळत होती. रात्रीच्या जेवणाला तिने विचारलं, "बाबा, ते माझ्यावर लागू पडत नाही ना?"

"जेव तू," इल्पो म्हणाला. ती झोपल्यावर त्याने रविवारपर्यंतच्या सगळ्या खुणा करून टाकल्या. त्या रिकाम्या चौकोनांकडे त्याला बघवत नव्हतं.

शनिवारी मात्र सतरंज्या धुवायला जावंच लागलं. रविवारी औती येणार होती, आणि युहान्नुसच्या, म्हणजे जूनमधल्या उन्हाळ्याच्या सणाआधी चिंध्यांच्या सतरंज्या समुद्रकाठी धुतल्या नाहीत तर तिचा घरात पाय ठरत नसे. हिल्लाला ठेवायला कुणी नव्हतं म्हणून तीही आली. सतरंज्या धुवायच्या धक्क्यावर गर्दी होती. पाइनच्या साबणाचा वास सुटला होता, बायाबाप्ये ब्रश घेऊन वाकले होते. इल्पोने ओल्या सतरंजीची गुंडाळी केली. पाणी पिऊन ती गोणीएवढी जड झाली होती. तो पिळायच्या यंत्रापाशी रांगेत उभा राहायला गेला, वळून बघतो तर हिल्ला त्या गुंडाळीला खांदा लावून फळ्यांवरून ढकलत होती.

"अगं, राहू दे!"

"नाही. माझी आहे."

तिने पाय रोवले, ओठ आवळले, आणि ती गुंडाळी इंच इंच धक्क्याच्या टोकापर्यंत नेली. मग परत आणली. अनवाणी, बिनमोज्यांची, कोपरापर्यंत साबणात. शेजारी घासत बसलेल्या म्हातारीने कंबर सरळ केली.

"नातीला काय खायला घालता हो? पोरगी आहे का ट्रॅक्टर?"

"मुलगी आहे माझी," इल्पो म्हणाला.

"मग तुम्ही का उभे आहात नुसते? तिला दुसरी द्या!"

त्याने दुसरी दिली. तिसरीही दिली. तासाभराने हिल्ला येऊन त्याच्या शेजारी बाकावर बसली आणि वेलचीचा पाव खाऊ लागली. बाही चघळत नव्हती, पाय आपटत नव्हती. तिसऱ्या घासाला तिने आपलं सगळं अंग त्याच्या दंडावर टाकलं आणि तसंच राहू दिलं. सहा वर्षांत पहिल्यांदा.

इल्पो हलला नाही. हे तिला बेचाळीस दिवस मिळू शकलं असतं. रोज, घरात, पुस्तकांच्या टोपलीने. ते त्याने तिच्या तोंडचं काढून घेतलं होतं आणि वर शाबासकी खाल्ली होती. त्याला स्वतःची किळस आली. त्याने दुसऱ्या हाताने खिशातून फोन काढला आणि शनिवार आहे हे विसरून मार्केट्टाला लावला.

"त्या खुणा खोट्या आहेत," तो म्हणाला. "पहिला दिवस सोडला तर सगळ्या."

पलीकडे मार्केट्टाने चालू असलेला रेडिओ बंद केला.

"अहवाल काल गेला," ती म्हणाली. "सोमवारी दुसरा लिहीन. ऐकतील किंवा नाही ऐकणार. ऑगस्टला तरी तिला टॅक्सीने जावं लागेल असं धरून चला. आणि त्या आईला मी तुमचा तक्ता दाखवला होता ना, ती रडली होती माझ्यापुढे. दोन मुलं, एकटी बाई. तुमच्या निम्मंही जमत नाही म्हणून स्वतःला दोष देत होती. आता तिला काय सांगू?"

"खरं ते सांगा. माझं नाव घेऊन सांगा."

"तेच करणार आहे," मार्केट्टा म्हणाली आणि तिने फोन ठेवला.

घरी आल्याआल्या हिल्लाने खुर्ची ओढून फ्रिजला लावली आणि हिरवं पेन घेऊन वर चढली. तिने शनिवारवर बोट ठेवलं.

"बाबा, आजची खूण तर आधीच आहे. उद्याचीपण आहे." ती वळली. "मग मी आज ढकललं ते कुठे लिहायचं?"

इल्पो खाली फरशीवर बसला. उभं राहून सांगण्याची त्याची हिंमत नव्हती.

"त्या खुणा मी खोट्या केल्या, हिल्ला. आपण काही केलंच नव्हतं."

हिल्लाने विचार केला. विचार करताना ती नेहमी टाचा उचलायची, तशा उचलल्या.

"म्हणजे माझ्यावर लागू पडत नाही, असं नाही?"

"नाही गं. तुझं काहीच चुकलं नाही. माझं चुकलं."

"मग खारीची खुंटी?"

"माहीत नाही. बहुतेक ऑगस्टमध्ये नाही मिळणार."

ती रडली नाही. तिने पेनाचं टोपण लावलं, काढलं, परत लावलं.

"आईला माहीत आहे?"

"उद्या आली की सांगतो."

"तू नको," हिल्ला म्हणाली. "मी सांगते. तू परत खोटंच सांगशील."