हेतलची कोरी वही

त्या मे महिन्यात जमुनाच्या जिवाला थारा नव्हता. बाहेर बांबूच्या वलांडीवर बोंबील वाळत घालतानाही तिचा एक डोळा घराच्या ओट्यावर. तिथे हेतल पुस्तकात डोकं खुपसून बसलेली, आणि शेजारी पडलेली वही कोरी करकरीत.

हेतल तिची अकरा वर्षांची लेक. शाळेत बाईंनी नाव घेतलं की पोरीची वाचाच बसायची, घरी येऊन तापाने फणफणायची. शेवटी जमुनाने तिला घरीच शिकवायला घेतलं. नवरा सुदाम कुरकुरत तयार झाला, पण अट घालून. "मासेमारीची बंदी लागली, बोट वर ओढली, की मी बघणार. शिकलेलं काही दिसलं नाही तर जूनमध्ये पुन्हा शाळा."

म्हणून ही वही. वाचलेल्या प्रत्येक पुस्तकावर चार ओळी लिहायच्या, बस्स. जमुनाने गोडीगुलाबी केली, कोळंबीचं कालवण केलं, मग आवाजही चढवला. "चार ओळी लिहून हात झिजतात का गं तुझे?"

"वाचताना मजा येते. लिहायला बसलं की जाते," म्हणत हेतल पान उलटायची. आता हिला काय बोलणार?

सुदाम दर्यावरून परतायच्या आदल्या दिवशी जमुनाचा धीर सुटला. हेतल पाण्याला गेलेली पाहून तिनेच वही ओढली आणि पोरीसारखं वाकडंतिकडं अक्षर काढलं. पुस्तक वाचायला सवड कुणाला होती? पुस्तकावरच्या चित्रात म्हातारा, मुलगी आणि होडी. होडी म्हणजे आणखी काय असणार? दिलं ठोकून! दोघं दर्यात गेली, जाळं टाकलं, मोठे रावस मिळाले, सगळे खूश.

दुसऱ्या दिवशी सुदामने चहा घेता घेता वही मागितली. वाचून त्याची कळी खुलली. "रावस? कुठलं जाळं टाकलं गं त्यांनी?" त्याने हेतलला विचारलं.

हेतलने वहीत डोकावून पाहिलं, मग आईकडे.

"जाळं नव्हतंच," ती म्हणाली. "नदीतली होडी आहे ती, माणसांना पलीकडे नेणारी." आणि पोर बोलत सुटली. नावाड्याची नजर जात चालली आहे, गावाला कळलं तर होडी काढून घेतील, म्हणून नात पुढे बसून हळूच दिशा सांगते. मध्येच ती अडखळली, थांबली, पण पुन्हा पुढे गेली. सुदामचा चहा निवून गेला.

"मग हे कुणी लिहिलं?"

"मी," जमुना म्हणाली. मेल्याहून मेल्यासारखं झालं तिला, आणि तरी लेकीचं बोलणं ऐकून ऊर भरून आला होता.

सुदामने वही मिटून बाजूला सारली. "शाळेचं राहू दे. नावाड्याचं काय झालं ते सांग आधी."

हेतलने नकारार्थी मान हलवली आणि पुस्तक आईच्या मांडीवर ठेवलं.

"आधी आई वाचेल," ती म्हणाली.