परक्यांची सुतकं

भिकाजीपंत वाईकर गेले, आणि तंजावरच्या मेलवीथी गल्लीतल्या एकूण एक घरात त्याच सकाळी काहीतरी मंगलकार्य निघालं. कुणाकडे बारसं, कुणाकडे मुंज, एकाच्या सुनेचं डोहाळजेवण. ही सून माहेरी होती आणि तिला डोहाळे लागल्याची बातमी तिच्या नवऱ्यालाही त्याच सकाळी कळली.

पंत परगावचे. तशी गल्लीतली सगळीच घरं परगावची, पण ती एकोजीराजांबरोबर आलेली. दोनशे वर्षांनी परकेपणाची लाज कुणाला उरत नाही. पंत आले ते राजवाड्यातलं राज्य संपून कलेक्टराची कचेरी सुरू झाल्यावर, रामेश्वरच्या वाटेवर. सोबतचा म्हातारा यात्रेकरू तंजावरात वारला. त्याचं कुणी नव्हतं म्हणून पंतांनी त्याला अग्नी दिला आणि दहा दिवस सुतक धरलं. अकराव्या दिवशी शुद्ध होऊन गाठोडं बांधतात तोच समोरच्या घरातली निराधार विधवा गेली. पंतांनी गाठोडं सोडलं, ते कायमचं.

पुढे वीस वर्षं हेच. ज्याला मुलगा नाही, किंवा असून वेळेवर पोचत नाही, त्याला पंत. मधल्या दिवसांत ते लग्नं जुळवत, भांडणं मिटवत, गल्लीची विहीर उपसून घेत. पण लग्नाच्या दिवशी ते नेमके कुणाच्या तरी सुतकात असत, त्यामुळे त्यांनीच जमवलेल्या लग्नांची जेवणं त्यांना मिळत नसत. लोकांना यात काही वावगं वाटलं नाही. परक्यांची सुतकं धरणारा माणूस गल्लीत असणं फार सोयीचं असतं.

आता तोच माणूस आपल्या खोलीत चटईवर पडला होता, आणि समोर बाळकृष्णरावांच्या तिण्णैवर, म्हणजे रस्त्याकडच्या ओट्यावर, त्याच्या गौरवाची सभा भरली होती. अध्यक्ष निवृत्त शिरस्तेदार सीतारामराव. त्यांनी तीन ठराव मांडले: पंतांच्या नावाचा दगड विहिरीवर बसवावा, पंतांचं चित्र काढून घ्यावं, आणि दुखवट्याचा मजकूर मराठी, तमिळ व इंग्रजीत छापावा. तिन्ही एकमतानं मंजूर झाले. पंतांचं एकही चित्र नव्हतं, तेव्हा चितारी त्यांचा चेहरा आताच येऊन पाहील तर बरं, अशी सूचनाही आली.

"सरि, ठीक," सीतारामराव म्हणाले. "आणि अग्नी कोण देणार?"

मग एकेकानं आपापलं मंगलकार्य सांगितलं.

बाळकृष्णरावांना खोटं सांगायची गरज नव्हती. त्यांच्या डोक्यावर खऱ्या लग्नाचा पंदल, म्हणजे मांडव, उभा होता. सहाव्या दिवशी त्यांच्या कमलाक्षीचं लग्न, पापनाशमच्या गुरुमूर्तीरावांच्या मुलाशी, आणि तेही पंतांनीच, बाळकृष्णरावांच्या बायकोमार्फत, जमवलेलं. गुरुमूर्तीरावांनी बजावलं होतं, मुहूर्त हुकला तर कुंभकोणमची दुसरी मुलगी तयार आहे. अग्नी दिला की दहा दिवस सुतक, आणि सुतकात लग्न नाही.

सीतारामराव त्यांच्या कानाशी वाकले. "तुम्ही आजच देवक बसवून टाका. एकदां देवक बसलें की तुम्हांला सुतक धरतां येत नाहीं, मग अग्नी द्यायला कोण तुम्हांला विचारणारही नाहीं. शास्त्रांत आहे."

शास्त्रात होतंच. बाळकृष्णराव "बघतों" म्हणून आत गेले.

आत गेले आणि कोठीच्या खोलीत पोत्यावर बसले. बारा वर्षांपूर्वी ते मद्रासला महसुली परीक्षेला गेले होते. पहिल्या पेपरच्या सकाळी तार आली: वडील वारले. त्यांनी तार वाचली, घडी करून कोटाच्या खिशात घातली आणि पेपर लिहिला. असे तीन दिवस. पाचव्या दिवशी तंजावरला उतरून त्यांनी सगळ्यांना सांगितलं, तार उशिरा मिळाली. अग्नी पंतांनी दिला होता, आणि ज्यानं सुरू केलं त्यानंच दहावा पुरा करायचा, म्हणून दिवसही तेच करत होते. तारही पंतांनीच केली होती. ती कधी पोचली याची पावती त्यांच्याकडे होती. ते एवढंच म्हणाले, "तारखात्याचं असंच असतं." त्या परीक्षेवर बाळकृष्णरावांना कचेरीत हेडगुमास्त्याची जागा मिळाली. पंतांनी पुन्हा तो विषय काढला नाही. या भलेपणाचा बाळकृष्णरावांना इतका राग होता की रस्त्यात पंत दिसले की ते दुसऱ्या बाजूनं जात.

त्यांनी सगळं बायकोला सांगितलं. बारा वर्षांत पहिल्यांदाच. अंबाबाई तांदूळ निवडत होत्या.

"मला ठाऊक आहे," त्या म्हणाल्या. "कोट मीच धुतला होता."

दारात कमलाक्षी उभी होती. तिनं किती ऐकलं कोण जाणे. "अप्पा," ती म्हणाली, "पापनाशमला तार करा. थांबले तर थांबले. नाहीं थांबले तर कुंभकोणमची मुलगी सुखी राहो."

"मोडलें तर लोक तुला नांवें ठेवतील."

"लोक बाहेर ठराव करताहेत. त्यांना वेळ कुठें आहे?"

बाळकृष्णरावांनी तार लिहिली. गुरुमूर्तीरावांचं उत्तर तिसऱ्या दिवशी आलं, मुहूर्त पुढल्या महिन्यात धरू असं. पण त्या सकाळी ते कुणालाच ठाऊक नव्हतं, आणि हिशेबात तीच सकाळ धरायची. न्हाव्यासमोर बसून त्यांनी डोकं पुढे केलं. सभेनं त्यांच्या अभिनंदनाचा चौथा ठराव मंजूर केला आणि खांद्याला माणसं भराभर मिळाली. खांद्याला दहा दिवस लागत नाहीत.

वडवार नदीकाठच्या स्मशानात नगरपालिकेचा कारकून वही घेऊन बसला होता. म्हातारा तमिळ माणूस, वीस वर्षं त्याच झाडाखाली. त्यानं मयताचं नाव लिहिलं, वय अंदाजानं लिहिलं आणि विचारलं, "अग्नी देणाऱ्याचं नातं?"

बाळकृष्णरावांनी वहीतल्या रकान्याकडे पाहिलं. शेजारी म्हणावं तर बारा वर्षं बोलणं नाही. स्नेही म्हणावं तर जीभ उचलेना.

"काहीतरी सांगा," कारकून म्हणाला. "रकाना रिकामा ठेवता येत नाही. हे पंत स्वतः एकोणतीस वेळा आले इथं. दर वेळी सांगायचे, मुलगा. बाई असो, बाप्या असो, ह्यांच्याहून लहान असो, मुलगाच. मी म्हटलं, सामी, एका माणसाला एवढे आईबाप कसे? तर म्हणाले, लिही, मेलेल्याला बरं वाटतं."

बाळकृष्णरावांनी विचारलं, "माझे वडील कृष्णाजीराव. बारा वर्षें झालीं. त्यांच्यापुढें?"

"मुलगाच."

मागे लाकडं रचून झाली होती. भटजींनी हाक मारली.

"मग भाऊ लिहा," बाळकृष्णराव म्हणाले.

कारकुनानं टाक बुडवला. "थोरला की धाकटा?"

"मी धाकटा," ते म्हणाले, आणि त्यांना रडू कोसळलं. वडिलांसाठी राहून गेलेलंही त्यात होतं.