चढावर क्षमता दोन व्यक्ती

गाडी तेरा वर्षांची होती आणि चढ त्याहून जुना. घर चढाच्या माथ्यावर असल्यामुळे दोघांची गाठ रोज पडायची, आणि रोज गाडी हरायची.

तशी दिसायला दणकट. छोटी असली तरी एसयूव्ही. रस्त्यापासून चांगली उंच, आत ऐसपैस. मागची सीट पाडली की डिकीत कपाट मावायचं, वॉशिंग मशीन मावायचं, एकदा तर शेजाऱ्यांचा दरवाजा चौकटीसकट मावला होता. सीट पाडायची कळ तुटलेली असल्यामुळे तिथे चमच्याचा दांडा घालावा लागे. तो चमचा गाडीतच असायचा आणि आई स्वयंपाकघरात शोधत असायची. इंजिनाचं म्हणाल तर एसी आणि चढ यांपैकी एकच काहीतरी मिळे. पाचवा गिअर होता, पण तो पाहुण्यांसाठी ठेवलेल्या कपबशांसारखा. कधी निघाला नाही.

ताई फिजिओथेरपिस्ट होती. पेशंटच्या घरी जाऊन गुडघे, खांदे आणि कंबरा हलवून देणं हे तिचं काम. या महिन्यात ती तीनदा उशिरा पोचली होती. तिसऱ्या पेशंटने तोवर स्वतःच व्यायाम करून कंबर धरून घेतली. एजन्सीच्या बाईंनी शांतपणे सांगितलं होतं, "सोमवारपासून वेळेवर, नाहीतर येऊच नका." ताईने एक छोटी, धड चालणारी गाडी पसंत करून ठेवली होती. शोरूमवाला ती आज संध्याकाळी सहापर्यंतच थांबवणार होता. पण घरापुढे जागा एकाच गाडीची. आधी जुनी जायला हवी होती.

आणि जुनी बाबांच्या नावावर होती.

बाबांनी तीस वर्षं लिफ्ट दुरुस्त केल्या होत्या. निवृत्त झाले तरी लिफ्ट त्यांच्यातून गेली नव्हती. गाडीत डॅशबोर्डवर त्यांनी चार स्क्रूंनी पितळेची पाटी बसवली होती: 'चढावर क्षमता २ व्यक्ती. शेवटी चढलेला आधी उतरेल.' दिव्याच्या खांबापाशी गाडी धापा टाकायला लागली की आधी आत्या उतरायची, कारण घराला कुलूप तीच लावायची आणि त्यामुळे गाडीत शेवटी बसायची. मग आई. मग नियमात बसत असूनही बाबा, कारण इंजिनाचा आवाज त्यांना बाहेरून ऐकायचा असे. ताई गाडी वर नेऊन थांबे आणि तिघं मागून चालत येत. कुणी कधी कुरकुर केली नाही. कुरकुर फक्त ताई करायची, तीही बसून.

आतापर्यंत बाबांनी चार गिऱ्हाइकं परत पाठवली होती. एकाने दार आपटलं म्हणून, एकाने टायरला लाथ मारून बघितली म्हणून. तिसरा आवडला होता, पण त्याने गाडीला 'ही' ऐवजी 'हे' म्हटलं. चौथ्याचं कारण बाबांनी सांगितलंच नाही.

पाचवा दुपारी साडेतीनला आला. किडकिडीत माणूस, शर्टाच्या खिशात रंगीत रिबिनींची रिळं.

"आधी जरा चालवून बघतो," तो म्हणाला.

"बघा की," असं म्हणून बाबा मागच्या सीटवर जाऊन बसले. त्यांच्या पाठोपाठ आई आणि कुलूप लावून आत्या.

ताई खिडकीतून वाकली. "तुम्ही कशाला?"

"पाच माणसं आरामात बसतात हे त्यांना कळायला नको?" आत्या म्हणाली. "आम्ही म्हणजे नमुना."

"बरं. पण एकच सांगते. कुणीही उतरायचं नाही. काहीही झालं तरी."

"आम्ही काय लहान आहोत का?" आई म्हणाली.

ताईने पाटीवर आपला ॲप्रन टाकला आणि गिऱ्हाइकाच्या शेजारी बसली. तिने सगळं आखून ठेवलं होतं. उताराने खाली, सपाट रस्त्याने एक फेरी, आणि खालीच निरोप. सगळं तसंच झालं. उतारावर गाडी वाऱ्यासारखी गेली, यात गाडीचा वाटा नव्हता. सपाट रस्त्यावर तिने खड्डे असे पचवले की कुठला खड्डा गेला ते बाबांना मागून सांगावं लागलं.

"बस, आम्ही इथेच उतरतो. तुम्ही अजून एक फेरी मारून बघा," ताई म्हणाली.

"छे हो, ज्येष्ठ मंडळींना काय चालायला लावायचं? घरापर्यंत सोडतो," असं म्हणून भल्या माणसाने गाडी चढाकडे वळवली.

ताईने आरशातून मागे डोळे वटारले. तिघांनी समजूतदारपणे माना हलवल्या. गाडी तिसऱ्यावरून दुसऱ्यावर आली, दुसऱ्यावरून पहिल्यावर, मग तिच्या पोटातून तो ओळखीचा, घसा खाकरल्यासारखा आवाज आला. दिव्याचा खांब आला.

मागचं दार उघडलं. आत्या उतरली. दुसरं दार उघडलं, आई उतरली. बाबा उतरले, दार हलकेच लावून घेतलं आणि कान देऊन चालायला लागले. तिघांच्याही चेहऱ्यावर काही वावगं झाल्याचा मागमूस नव्हता.

गिऱ्हाइकाने ब्रेक दाबला. "माझं काही चुकलं का?"

"पाय मोकळे करताहेत," ताई म्हणाली.

"तिघांचे एकदम?"

ताईने वर चला अशी खूण केली. गाडी हलकी झाल्याबरोबर तरुणासारखी वर गेली. घरासमोर थांबल्यावर ताईचा बांध फुटला. खोटं बोलायला आता काही शिल्लकच नव्हतं.

"हे बघा, ही चढ चढत नाही. एसी लावला तर सपाटीलाही विचार करते. कळ तुटलीय, चमचा लागतो. मी कामावर उशिरा पोचते ते हिच्यामुळे. जागा भरपूर आहे, पण जागा भरली की चालत नाही. अशी ही फॅमिली गाडी, फॅमिली वगळून." तिने पाटीवरचा ॲप्रन ओढून काढला. "हे वाचा. सरळ नाही म्हणा आणि सुटा."

त्याने पाटी वाचली. पुन्हा वाचली. मग उतरून डिकी उघडली, चमचा घातला, सीट पाडली आणि आत डोकावून बराच वेळ बघत राहिला.

"मला चालेल," तो म्हणाला. "मी फुगे पुरवतो. वाढदिवस, दुकानांची उद्घाटनं. फुगवून न्यावे लागतात. खोलीभर माल असतो, वजन पावशेरभर."

ताईला वाटलं, ही गाडी बनवणाऱ्याच्या डोळ्यासमोर हाच माणूस असणार. तिचा जीव भांड्यात पडला, पण तेवढ्यात मंडळी वर पोचली.

"काय नेणार गाडीतून?" बाबांनी विचारलं.

"फुगे."

बाबा गाडीकडे बघत राहिले. "वॉशिंग मशीन वाहिलेली गाडी आहे ही. आणि तुम्ही तिच्यातून हवा नेणार?"

"बाबा," ताई म्हणाली.

"नाही म्हणजे नाही. काम न देता ठेवलं की मशीन खराब होतं. मी लिफ्टमध्ये बघितलंय."

ताईने कपाळाला हात लावला. पावणेपाच झाले होते. आत्याने पाहुण्याला पाणी दिलं, बाबांनी माफी न मागता "दुकानापर्यंत सोडतो" म्हटलं, आणि ताई परस्पर सौदा करेल या भीतीने तिघंही पुन्हा मागे बसली. कुलूप लावून आत्या बसली तरी पाहुणा अजून पाणीच पीत होता. तो सगळ्यांत शेवटी ताईच्या शेजारी बसला. वाटेत ताई मनातल्या मनात राजीनाम्याचा मसुदा करत होती आणि तो चांगला होत होता.

फुग्यांचं दुकान पुलाच्या पलीकडे होतं. पुलाच्या चढाला गाडीने घसा खाकरला. ताईने गिअर टाकला, तेवढ्यात शेजारचं दार उघडलं.

"जरा थांबवता? मी उतरतो," फुगेवाला म्हणाला.

"अहो, तुम्ही बसा," आत्या मागून म्हणाली, तिचा हात आधीच दारावर होता. "पहिला नंबर माझा असतो."

"नाही मावशी. आज मी शेवटी चढलोय. तुम्हाला उतरायचं तर माझ्यानंतर." तो उतरला, दार हलकेच लावलं आणि पुलावरून चालायला लागला.

बाबा उतरलेच नाहीत. बसल्या जागेवरून त्या पाठमोऱ्या माणसाकडे बघत राहिले.

"तीस वर्षं," ते म्हणाले. "तीस वर्षं लिफ्टमध्ये वजन जास्त झालं की बेल वाजायची. सगळे छताकडे बघायचे. एक माणूस आपणहून उतरला असेल तर शपथ."

"मग?" ताईने विचारलं.

"मग काय. देऊन टाक."

सव्वापाचला फुग्यांच्या ढिगात बसून कागदांवर सह्या झाल्या. सह्या करता करता दोन फुगे फुटले, बाबांनी मान वर केली नाही. ताईने शोरूमला फोन केला. छोटी गाडी तिची झाली, उद्या सकाळी मिळणार होती.

परतीच्या टॅक्सीवाल्याने चढाच्या पायथ्याशी गाडी थांबवली. चार माणसं घेऊन वर जाणार नाही म्हणाला.

चौघं चालायला लागली. दिव्याच्या खांबापाशी ताई थांबली. तिने खांबाला धरलं. तिच्या पोटऱ्या पेटल्या होत्या आणि कानात काहीतरी वाजत होतं. बाकीची तिघं गप्पा मारत दहा पावलं पुढे गेली होती.

"इतका चढ आहे हा?" ती ओरडली.

"रोजचाच आहे," आई मागे वळून म्हणाली.

"तू कधी उतरली नाहीस ना," आत्या म्हणाली. "गुडघा आधी उचल. तूच सांगतेस ना सगळ्यांना?"

बाबा तिच्यासाठी खाली परत आले. शेजारी उभं राहून तिचा श्वास त्यांनी इंजिनासारखा कान देऊन ऐकला.

"नवीन गाडी चौघांना घेऊन चढते ना गं?"

ताईने आठवून बघितलं. शोरूममध्ये तिने रंग विचारला होता, मायलेज विचारलं होतं, आरसे आपोआप मिटतात का तेही विचारलं होतं. गाडी चालवून बघितली तेव्हा आत दोनच माणसं होती, आणि रस्ता सपाट होता. सोमवारी पेशंटकडे ती एकटी जाणार होती, तेवढ्याला काही प्रश्न नव्हता. बाकी तिने काही विचारलं नव्हतं.

ती खांबाला धरूनच राहिली. उत्तराला दम लागतो.

बाबांनी खिशातून रुमाल काढून उलगडला. आत पितळेची पाटी होती आणि तिचे चारही स्क्रू.

"राहू दे," ते म्हणाले. "उद्या बघू कुठे बसवायची ते."