वळणावरची खुंटी

"आधी तू निवड," दादा म्हणाला होता. आप्पांच्या जमिनीचे दोन तुकडे, दोन्ही नदीच्या एकाच काठावर. वरच्या वळणावरचा उंच, पायथ्याशी खोल पाणी, भोवती जुनी झाडं. खालच्या वळणावरचा सखल, नुसती वाळू आणि लव्हाळं. मी वरचा घेतला आणि थोरल्या भावाचं मन केवढं मोठं, म्हणून भेटेल त्याला सांगत सुटले. शहाणी ना मी!

दादा नद्या मोजायच्या खात्यात. आयुष्यभर तेच काम. मी मात्र डोळे झाकून घर बांधलं, रोपवाटिका थाटली. चौथ्या वर्षी गुलाबांची रांग नदीत गेली. सातव्या वर्षी पंपाची खोली गेली. आता काठ माझ्या घरापासून अकरा पावलांवर आलाय, आणि दादाची वाळू दरवर्षी रुंद होतेय.

मदतीचा अर्ज केला तेव्हा खात्यातली नवी बाई पाहणीला आली. म्हणाली, "ताई, वळणाच्या बाहेरच्या अंगाला पाण्याला जोर असतो, ते काठ पोखरतं. तीच माती पुढच्या वळणाच्या आतल्या अंगाला, संथ पाण्यात बसते. आम्हाला हे पहिल्याच महिन्यात शिकवतात."

पहिल्याच महिन्यात! माझ्या पायाखालची जमीन तेव्हाच सरकली, नदीमुळे नाही. तरी मन मानेना. सख्खा भाऊ असा केसाने गळा कापेल?

मग परवा रोपं हलवताना घरामागच्या कुंपणात एक लोखंडी खुंटी सापडली. गंजलेली, तिच्यावर खात्याचा लाल रंग. मी तिच्यावर पुन्हा पालापाचोळा लोटला आणि दादाला बोलावलं.

तो आला, चहा प्यायला, हळहळला. अगदी साळसूद.

"मला काय स्वप्न पडलं होतं? नदीचं कुणी सांगावं? आणि निवडलंस तूच."

"हो रे, मीच. बरं, अर्जात अंतर लिहायचंय. एवढं मोजून दे. टेपचं टोक धर, मागे जिथून मोजतात तिथे लाव."

मी टेपची डबी घेऊन काठावर उभी राहिले. तो टोक घेऊन घराच्या कडेने मागे गेला. कुठे थांबला नाही, इकडेतिकडे पाहिलं नाही. कुंपणात वाकला, पायाने पाला सारला आणि टोक खुंटीला लावलं.

"बोल, किती?" त्याने तिथूनच विचारलं.

"एकवीस मीटर."

"म्हणजे यंदा तीन गेले," तो म्हणाला. सवयीने म्हणाला. मग त्याचा चेहरा पडला.

टेप मी सोडली नाही.

"आणि दादा, मला निवडायला सांगितलंस त्या वर्षी किती गेले होते?"