खिळ्यावरची किल्ली

'शेवटचा तळ' ही मालिका टीव्हीवरून कधीच संपली होती, पण तिच्यावरून निघणाऱ्या कादंबऱ्या काही संपत नव्हत्या. त्या एकूण एक विकत घेऊन, वाचून, वर चिडणारा एक माणूस एका मोठ्या हॉस्पिटलच्या ऑक्सिजन प्लँटवर ऑपरेटर होता. हॉस्पिटलात त्याला सगळे कॅप्टन म्हणत. हे नाव काही कौतुकानं पडलेलं नव्हतं. जेवणाच्या सुट्टीत तो डब्याआधी पुस्तक उघडायचा आणि तावडीत सापडेल त्याला थेट अंतराळात नेऊन सोडायचा, म्हणून पडलं होतं.

जुन्या लेखकाच्या कादंबऱ्या त्याला तोंडपाठ होत्या. तो लेखक गेला, कंपनीनं नवा नेमला, आणि तिथून सगळा विचका झाला, असं कॅप्टनचं ठाम मत. मत म्हणजे काय, रोज नव्यानं फुटणारा ज्वालामुखीच.

"कमांडरबाई पूर्वी दोन शब्दांत हुकूम सोडायची. आता भाषणं ठोकते!" तो घरी बायकोला सांगायचा. "स्वयंपाक्याचा डावा हात मालिकेत तुटलाय. हा शहाणा त्याला दोन्ही हातांनी पीठ मळायला लावतो. आणि शेवटी सगळं पुन्हा जागच्या जागी. भाड्यानं आणलेली भांडी घासूनपुसून परत करावीत तसं."

"मग वाचता कशाला?"

"न वाचता शिव्या कशा देणार?"

बायको त्याच हॉस्पिटलात छातीच्या आजारांच्या वॉर्डात सिस्टर होती. दिवसभर रोग्यांचं ऐकून आलेल्या बाईला संध्याकाळी स्वयंपाक्याच्या तुटक्या हाताचं सोयरसुतक कुठून असणार? पण ती हं हं करत ऐकून घ्यायची. तिच्या वॉर्डात प्रत्येक खाटेच्या उशाशी पाण्याची बाटली असे, आणि तिच्यातून बुडबुडत ऑक्सिजन रोग्याच्या नाकात जाई. तिनं ड्यूटीवरून फोन केला की मागे ती बुडबुड ऐकू यायची. "तुझा समुद्र ऐकू येतोय," असं म्हणूनच तो बोलायला सुरुवात करायचा. तो समुद्र त्याच्या प्लँटमधून जातो, याचा त्याला मनातून फार अभिमान होता.

नव्या लेखकाच्या तिसऱ्या कादंबरीत खलनायक तळाची हवा तोडतो. डोळे तपासून उघडणारा दरवाजा, लाल दिवे, भोंगे, उलटी मोजणी, सगळा तमाशा. कॅप्टनच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. हवेच्या बाबतीत आपल्याला कुणी शिकवावं? इंटरनेटवर मालिकेच्या चाहत्यांचा एक कट्टा होता. तिथं बसून त्यानं 'कॅप्टन' याच नावानं लांबलचक लिहून काढलं.

"अहो लेखकमहाशय," त्यानं लिहिलं, "जिथं माणसं वर्षानुवर्षं काम करतात तिथं डोळे तपासणारी दारं टिकत नाहीत. दर वेळी साहेबाकडे कोण जाणार? तिथं किल्ली वाळूच्या लाल बादलीमागं खिळ्यावर टांगलेली असते आणि सगळ्यांना ठाऊक असते. भोंग्याचं म्हणाल तर तो रोज उगाच कोकलतो, म्हणून कुणीतरी त्याची वाचा आधीच बंद केलेली असते. तळाची हवा खरंच गेली, तर कळेल ती शांततेवरून. दवाखान्यातल्या बाटल्यांची बुडबुड थांबेल, आणि पहिल्यांदा सगळ्यांना वाटेल, चला, जरा शांत झालं."

लिहून झाल्यावर त्यानं ते स्वतःच दोनदा वाचलं. झकास जमलं होतं.

कट्ट्यावरच्या चार जणांनी वाहवा केली आणि विसरून गेले. पाचवा विसरला नाही. त्याचं टोपणनाव होतं धूमकेतू.

"सर, काय बारकावे आहेत! पण सर, पाळी बदलताना तर दोन माणसं असतील ना?"

आयुष्यात कॅप्टनला कुणी सर म्हटलं नव्हतं. तो लगेच हरभऱ्याच्या झाडावर चढला. दोन माणसं असतात ती कागदावर, त्यानं खुलासा केला. पहिला निघून गेलेला असतो आणि दुसरा चहाला. धूमकेतूनं आणखी विचारलं. कॅप्टननं आणखी सांगितलं. आठवडेच्या आठवडे हे चाललं. प्रश्न इतके नेमके असत की कॅप्टनची एक दिवस खात्रीच पटली.

"अगं, तो लेखकच आहे!" तो बायकोला म्हणाला. "नाव बदलून आलाय. आपल्याकडून धडे घेतोय. पुढच्या पुस्तकात बादली येते की नाही बघच तू."

बायको कपड्यांच्या घड्या घालत होती. तिचा हात थांबला. "गोष्ट त्याची आहे ना? मग त्याला खरं कशाला हवंय एवढं?"

"चांगल्या लेखकाला खरंच लागतं."

"कालपर्यंत तर तो भिकार होता." ती हसली, पण लगेच गंभीर झाली. "अहो, तुम्ही त्याला आपल्या प्लँटचं सांगताय."

"प्लँटचं नाही गं, तळाचं सांगतोय!"

तिनं घडी पुरी केली आणि विषय सोडून दिला. नंतर एक दिवस धूमकेतूनं शेवटचा प्रश्न विचारला, दवाखान्याला ही हवा किती वेळ पुरेल, असा. कॅप्टननं खुशीत उत्तर दिलं. त्यानंतर धूमकेतू गप्प झाला. लिहायला बसला असणार, असं कॅप्टन धरून चालला.

चौथी कादंबरी आली त्या दिवशी त्याची सुट्टी होती आणि बायकोची दिवसपाळी. भर दुपारी पार्सल आलं. त्यानं कात्री शोधायचेही कष्ट घेतले नाहीत, दातांनीच चिकटपट्टी तोडली आणि सरळ हवेच्या खोलीचा प्रसंग गाठला. या पुस्तकातही तो होता. कॅप्टन खुर्चीत सावरून बसला.

दार डोळे तपासून उघडत होतं. या वेळी दोन्ही डोळे तपासत होतं, एवढाच फरक. बादली नव्हती. खिळा नव्हता. भोंगे पानभर कोकलत होते, आणि स्वयंपाक्यानं दोन्ही हात वर करून किंकाळी फोडली होती.

त्याला राग यायला हवा होता. राग आला नाही. त्यानं घाईघाईनं शेवटचं पान उघडलं. तिथं लेखकाचं छोटं मनोगत होतं. कट्ट्यांवरच्या चर्चा मी कधीच वाचत नाही, लेखकानं प्रांजळपणे लिहिलं होतं, कारण वाचल्या तर पुढचं पुस्तक लिहायची हिंमत होणार नाही.

कॅप्टननं ते वाक्य पुन्हा वाचलं. मग मोबाइल काढला आणि कट्ट्यावरचं ते सगळं संभाषण पहिल्या ओळीपर्यंत वर नेलं. कधी नाही ते त्यानं आपली उत्तरं सोडून समोरच्याचे प्रश्न वाचले. कमांडरबाईबद्दल एक शब्द नव्हता. स्वयंपाक्याचा हात नव्हता. तळाचं, यानाचं, कुणाचंच नाव नव्हतं. सगळे प्रश्न हवेचे होते. त्या माणसानं 'शेवटचा तळ'चं एक तरी पुस्तक वाचलं होतं की नाही, कुणास ठाऊक.

मधेच एक फोटो होता. "सर, तुमची वाचायची जागा दाखवा ना," असं धूमकेतूनं म्हटलं होतं आणि यानं मोठ्या हौसेनं पुस्तक सिलिंडरला टेकवून फोटो टाकला होता. सिलिंडरच्या पोटावर पांढऱ्या रंगात हॉस्पिटलचं नाव होतं. ते पुस्तकाच्या नावापेक्षा मोठं होतं.

त्यानं प्लँटवर पाळीला असलेल्या जोडीदाराच्या मोबाइलवर फोन लावला. त्याला सगळे जांभई म्हणत, आणि त्यानं फोन उचलला तो एक जांभई देऊनच.

"जांभई, बादलीमागं किल्ली आहे का बघ."

"नसणार आता, कॅप्टन. तुमच्या दोस्ताकडे आहे ना."

"कुठला दोस्त?"

"तो हो, पुस्तकवाला! कॅप्टननं पाठवलंय म्हणाला, मशीन बघायचंय. अंतराळाच्या गप्पा सुरू झाल्यावर मी ओळखलंच की हा तुमच्यातला. बरं, त्याला काही दाखवावंही लागलं नाही. सरळ बादलीकडेच गेला." जांभई हसला. "घरचाच असल्यासारखा."

"तो आता कुठंय?"

"आत असेल की. मी चहाला आलोय."

"पळ!" कॅप्टन ओरडला. "अरे, आत पळ! त्याला बाहेर काढ! मी कुणाला पाठवलं नाही!"

पलीकडे कप फुटल्याचा आवाज आला. कॅप्टननं चपला शोधल्या नाहीत. अनवाणीच जिना उतरत त्यानं बायकोला फोन लावला. रिंग वाजत राहिली. त्याला आयुष्यात इतकी भीती कधी वाटली नव्हती, आणि त्या भीतीतही आपणच लिहिलेलं वाक्यन्‌ वाक्य त्याला धडाधड आठवत होतं. तिनं उचलला तेव्हा तो रस्त्यावर पोचला होता. समोरून गाड्यांचा लोंढा चालला होता. त्यानं मोबाइल कानावर घट्ट दाबला आणि दुसऱ्या कानात बोट घातलं.

"अगं ऐक," तो धापा टाकत म्हणाला, "वॉर्डात..."

आणि तो थांबला. तिचा श्वास ऐकू येत होता, दूर कुणाचं तरी खोकणं ऐकू येत होतं. समुद्र ऐकू येत नव्हता.

"बरं झालं फोन केलात," ती म्हणाली. तिचा आवाज सैलावलेला होता. "आत्ता कुठं जरा टेकले बघा. आज अचानक काय छान शांत झालंय हो इथं."