गुबगुबचं पोट

माझा धाकटा भाऊ घरात आला की मला मागे वळून बघावं लागत नसे. लहानपणी तो वरून खाली यायला निघाला की जिनाच आधी बातमी द्यायचा. वरच्या पायऱ्या कण्हायच्या, मधल्या किंचाळायच्या आणि आई स्वयंपाकघरातून ओरडायची, "ढब्बू, हळू! घर भाड्याचं आहे!"

ढब्बू हे नाव त्याला कुणी ठेवलं ते मला आठवत नाही. बाकी मला सगळं आठवतं. अगदी त्या घरमालकाच्या चपलेचा रंगसुद्धा.

शाळेच्या नाटकात ढब्बूला नेहमी पडद्यामागे बसवत, कारण पुढे उभा केला की मागचे तिघे दिसेनासे होत. पडद्यामागे बसून माणूस करणार काय? हा आवाज काढायला लागला. पत्रा हलवून गडगडाट, चाळणीत वाटाणे फिरवून पाऊस, दोन करवंट्यांचा घोडा. पुढे त्याने तोच धंदा केला. आम्ही दोघं एकाच रेडिओ केंद्रात, मुलांच्या नाटकांच्या विभागात लागलो. मी बोलायची आणि तो वाजायचा. मी राजकन्या म्हणून सुरुवात केली, मग आई झाले, मग सासू. आता चेटकिणी आणि कावळे माझ्याकडे असतात. चालताना माझ्या पायांचा आवाजही ढब्बूच काढायचा, खडीच्या ट्रेमध्ये हाताने बूट आपटून. मायक्रोफोनसमोर मी जन्मात एक पाऊल स्वतः टाकलेलं नाही.

दोन वर्षांपूर्वी डॉक्टरांनी ढब्बूला बजावलं, "वजन उतरवा, नाहीतर गुडघे बोलायला लागतील."

"बोलतात की! दिवसभर बोलतात," ढब्बू म्हणाला. "एकदा मी त्यांच्याकडून बोटीचं वल्हंही करून घेतलं."

डॉक्टर हसले नाहीत. माझी भावजय मात्र तिथेच रडली आणि त्याने ढब्बू हलला. त्याने लोणी सोडलं, केक सोडला, लिफ्ट सोडली. पहाटे चालायला जायचा, रात्री सूप पिऊन टेबलाकडे अशा नजरेने बघायचा की टेबल दचकावं. आणि खरंच, हळूहळू अर्धा ढब्बू गेला.

पण आतला माणूस निघून गेल्याचं कातडीला कुणी कळवलंच नाही. ती आपली पूर्वीच्याच हिशेबाने थांबून राहिली होती. दंडाखाली दोन झोळ्या आणि पोटावर तर गुंडाळी न केलेली सतरंजी. रोज सकाळी त्यांच्या घरात एकच प्रश्न असे. भावजय विचारायची, "आज आत की बाहेर?" म्हणजे ते पोट पँटच्या आत कोंबायचं की पट्ट्यावरून सोडायचं. आत कोंबलं तर ढब्बूला श्वास पुरत नसे, बाहेर सोडलं तर शर्टाला बटणं पुरत नसत. घड्यांमध्ये घाम साचून कातडी लाल व्हायची, आग व्हायची. म्हणून तो डबाभर पावडर थापायचा. धपकन खुर्चीत बसला की शर्टाच्या गळ्यातून पांढरा ढग निघायचा. एकदा शेजारच्या म्हातारबुवांनी घाईघाईने खिडक्या उघडल्या. त्यांना वाटलं, याने पेट घेतला.

आणि चालताना टाळ्या वाजायच्या. थप, थप, थप. जिना चढताना तर पोटाला स्वतःचंच कौतुक वाटतंय असं वाटे.

त्याच सुमारास आमचं एक नवीन नाटक सुरू झालं. दीपगृहात राहणारा एक रखवालदार, त्याची खडूस आई (ती मी) आणि त्यांच्याकडे राहायला आलेला गुबगुब नावाचा समुद्री सील. सगळं जमलं होतं, फक्त सील जमत नव्हता. फरशीवरून सरपटत येणाऱ्या सीलचा आवाज काढायला ढब्बूने ओलं फडकं आपटून पाहिलं, गरम पाण्याची रबरी पिशवी आपटून पाहिली, भिजवलेला पावही पाहिला. आमच्या दिग्दर्शकबाई प्रत्येक वेळी मान हलवायच्या. "हे फडकं आहे. हा पाव आहे. मला सील पाहिजे."

एके दिवशी ढब्बूला उशीर झाला. तो धावत जिना चढून आला तेव्हा आत मायक्रोफोन चालू होता, बाईंच्या कानांवर हेडफोन होते आणि स्टुडिओचं दार किलकिलं होतं. बाई खुर्चीतून उठल्याच.

"आला! सील आला! कुठून आला?"

दारात घामाघूम ढब्बू उभा होता, पोट हातात धरून.

त्यानंतरचं काय सांगू! शर्ट वर करून तो मायक्रोफोनपुढे दोन्ही हातांनी असा सील काढायचा की माझ्या अंगावर पाण्याचे शिंतोडे उडाल्यासारखं वाटे. हळू आपटलं की गुबगुब झोपेत कूस बदलतोय, जोरात आपटलं की मासा बघून नाचतोय. दंडाच्या झोळ्यांचे पंख व्हायचे, समुद्रपक्ष्यांचे. मुलं वेडी झाली. आठ भागांचं नाटक वाढत वाढत कुठच्या कुठे गेलं. माझी खडूस आई मूळ कथेत लवकर मरणार होती, तीही त्या पोटाच्या जिवावर जगली.

आणि अशा ऐन भरात ढब्बू एक दिवस चहाचा कप खाली ठेवून म्हणाला, "ताई, मी ही कातडी काढून टाकावी म्हणतोय."

मी म्हटलं, "कुठली?"

"माझीच. दुसऱ्या कुणाची काढू?"

मग सुरू झाली चर्चा, आणि त्या पोटाचे इतके मालक निघाले की विचारू नका. दिग्दर्शकबाई म्हणाल्या, "निदान हा हंगाम संपू दे." माझी भाची, म्हणजे ढब्बूची मुलगी, म्हणाली, "बाबा, काढा. जावयासमोर तुम्ही टाळ्या वाजवत येता." जावई म्हणाला, "मला आवडतं." भावजय म्हणाली, "मला काही म्हणायचं नाही," आणि त्यावर तासभर बोलली. या वयात भूल, एवढी मोठी चीर, आणि कशासाठी, तर दिसण्यासाठी? मीही त्याच बाजूची. ऑपरेशनची भीती होती ती होतीच, शिवाय तो आवाज मला आवडायचा. जाडा ढब्बू तर गेला, निदान येताना तरी ऐकू येऊ दे, असं मनात होतं. ते मी बोलले नाही. मी म्हटलं, "जखम चिघळली तर?"

सर्जनबाईंकडे मी त्याच्याबरोबर गेले. भाचीच्याच वयाची मुलगी, हात अगदी गार. तिने पोट उचलून पाहिलं, खालची लाली पाहिली, दंड पाहिले आणि नीट समजावून सांगितलं. कमरेच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत व्रण राहील. काही दिवस नळ्या असतील. महिनाभर वजन उचलायचं नाही. धोका असतो, नसतो असं नाही. काढलंच पाहिजे असंही नाही.

"मला फक्त एक सांगा," ढब्बू म्हणाला. "थोडी ठेवता येईल का? कामापुरती?"

"कसल्या कामापुरती?"

ढब्बूने करून दाखवलं. सर्जनबाईंचा चेहरा एकदम लहान मुलीसारखा झाला.

"तुम्ही गुबगुब?" त्या किंचाळल्या. मग मला म्हणाल्या, "म्हणजे तुम्ही ती दुष्ट म्हातारी?"

"मीच ती," मी म्हटलं.

"माझा मुलगा तुमच्याशिवाय जेवत नाही. मी त्याला काय सांगू? की आईने गुबगुबला कापलं?" त्यांनी डोकं धरलं. मग पुन्हा डॉक्टर झाल्या. "हे बघा काका, माझ्या मुलाचं मी बघून घेईन. तुम्ही तुमचं ठरवा. कामापुरती वगैरे मी ठेवत नसते."

बाहेर आल्यावर ढब्बू म्हणाला, "कापलेली घरी देतात का, ते विचारायचं राहिलं."

"ढब्बू!"

"अगं, माझीच आहे ना!"

पुढचे दोन आठवडे तो "काढतो", "नको काढायला" असं करत राहिला. सकाळी आग होत असली की काढायची, दुपारी सील छान झाला की ठेवायची. आम्ही त्याला दुपारी गाठायचो.

मग तो चोराचा भाग आला.

दीपगृहात चोर शिरलाय. म्हातारी पलंगाखाली लपलीय, तिच्या कुशीत गुबगुब. दोघांनी श्वास रोखलाय. जिन्यावर चोराची एकच पायरी करकरते आणि मग शांतता. बाईंना ती शांतता लांबलचक हवी होती. "मुलांच्या हातातला चमचा हवेत थांबला पाहिजे," त्या म्हणाल्या.

लाल दिवा लागला. मी श्वास रोखला. ढब्बूने जुन्या फळीवर अलगद भार देऊन पायरी करकरवली. काय करकरली म्हणून सांगू! मग तो फळीवरून मागे सरला आणि त्या शांततेत आवाज झाला.

थप.

"पुन्हा," बाई म्हणाल्या.

पुन्हा केलं. पुन्हा थप. तिसऱ्यांदा ढब्बूने पोट हाताने धरलं, तर दंड वाजला. चौथ्यांदा आम्ही त्याला बांधायचं ठरवलं. माझी शाल कमरेभोवती, ध्वनियंत्रवाल्याचा मफलर छातीला, दंडांना चिकटपट्टी. दारावर पार्सल घेऊन आलेल्या माणसाने त्याच्याकडे आदराने पाहिलं. लाल दिवा लागला. पायरी करकरली. ढब्बू थिजून उभा. शांतता झाली, लांबली, माझ्याच अंगावर काटा आला, आणि शालीच्या आतून, दमल्या माणसाने सुस्कारा टाकावा तसं, काहीतरी सावकाश घसरलं.

थप.

सगळ्यांना हसू फुटलं. बाई टेबलावर डोकं ठेवून हसत होत्या. ध्वनियंत्रवाला काचेमागे खाली बसला होता, त्याचा फक्त हात दिसत होता. मी खोकेपर्यंत हसले. डोळे पुसून बघते तर ढब्बू नव्हता.

तो बाहेर बाकावर बसला होता, तसाच बांधलेला.

"अरे, चल. पुन्हा करू."

"ताई," तो म्हणाला, "मी आयुष्यभर आवाज काढले. घोडा काढला, वादळ काढलं, तुझी पावलं काढली. पण कुठला, कधी आणि किती, ते मी ठरवायचो." त्याने शालीवर हात ठेवला. "हे माझं ऐकत नाही गं. मी शांत बसायचं म्हटलं, तर मला शांत बसता येत नाही. मोडक्या जिन्यासारखं झालंय माझं."

माझ्या डोळ्यांपुढे तो भाड्याच्या घरातला जिना आला आणि वरच्या पायरीवर पाय अधांतरी धरून उभा राहिलेला गोल मुलगा. तो किती वेळ तसा उभा राहायचा, ते मी खालून पाहिलेलं होतं. तेव्हा मला वाटायचं, हा खेळतोय.

"दुखेल हं," मी म्हटलं.

"दुखू दे."

"मग काढ. बाईंना मी सांगते."

"त्या चिडतील."

"चिडू देत. मी चेटकीण आहे की नाही?"

बाई चिडल्या, पण अर्धा दिवसच. मग त्यांनीच सुचवलं की जाण्याआधी सगळे आवाज भरून ठेवू. ऑपरेशनच्या आधीच्या आठवड्यात ढब्बू एक अख्खा दिवस शर्ट काढून मायक्रोफोनपुढे बसला. गुबगुब झोपलेला, गुबगुब रुसलेला, गुबगुब जिन्यावरून पडलेला, गुबगुबला भेटायला आलेले नातेवाईक. ध्वनियंत्रवाला म्हणाला, "काका, आता एवढे सील आहेत की समुद्र पुरायचा नाही." शेवटी ढब्बूने एक साधीच टाळी वाजवली, पोटाची, आणि खाली वाकून पोटाला म्हणाला, "बरं काम केलंस. आता जा."

ऑपरेशन लांबलं. बाहेर भावजय आणि मी एकमेकींचा हात धरून बसलो होतो आणि "मी तेव्हाच म्हणत होते" हे वाक्य दोघींनी तयार ठेवलं होतं. ते वापरावं लागलं नाही. नळ्या निघाल्या, टाके निघाले. तो किती कण्हला ते इथे सांगत नाही, कारण त्यातली दोन कण्हणी त्याने पुढे भुताच्या नाटकात वापरली. सर्जनबाईंनी मुलाला सांगितलं की गुबगुबने जुना कोट बदलला. मुलगा जेवला.

तो परत कामावर आला त्या दिवशी मी स्टुडिओच्या मोरीत उभी राहून मिठाच्या गरम पाण्याने गुळण्या करत होते. कावळ्याच्या आधी मला गुळण्या लागतातच. मान खाली केली, समोर आरसा, आणि आरशात माझ्या खांद्यामागे एक बारीक माणूस हसत उभा.

तोंडातलं निम्मं पाणी आरशावर गेलं. वळले तशी उरलं ते त्याच्या शर्टावर.

"मेल्या! जीव घेशील माझा! आवाज तरी करून यायचं!"

ढब्बूचा चेहरा असा उजळला, जणू मी त्याला बक्षीस दिलंय.

"खरंच ऐकू नाही आलं?"

"काही नाही!"

"तुला? तुला पण नाही?"

"नाही म्हटलं ना!"

"थांब, पुन्हा येतो," म्हणत तो ओल्या शर्टानिशी बाहेर पळाला. मी नळ बंद केला आणि दाराकडे पाठ करून उभी राहिले. इतकी वर्षं मी त्याला भिंतीपलीकडून ओळखलं, म्हटलं आता कशी फसते बघू. कान टवकारले. नळाचा थेंब ऐकला, वरच्या मजल्यावरची खुर्ची ऐकली. ढब्बू नाही. मला एकदम एकटं वाटलं.

मग दाराबाहेर कुणीतरी हलकेच खाकरलं आणि नुसत्या तोंडाने, अगदी हुबेहूब, थप थप थप असा एक लठ्ठ सील मोरीत आला.