बघायला आणलेली गाडी

या पाव्हणं, बसा. ती खाट वढा जरा सावलीला. तुमच्या बहिणीनं, दैवशालानं, चहा ठिवलाय, तवर मी तुमाला एक गोष्ट सांगतो. तुमी म्हणाल म्हातारं लागलं लांबण लावायला. लावू द्या. उद्या तुमी दाजीसंगं, आमच्या रामकिशनसंगं, परभणीला निघालाव नवी गाडी घ्यायला, तर जायच्या आधी हे ऐकून जा. रामकिशन तुमाला बाकी समदं सांगंल, हे सांगायचा न्हाई. तुमची बहीण बी सांगायची न्हाई, तिला आठवलं की रडू येतंय.

रामकिशनची जीप तर तुमी बघितलीच हाय. वालूर ते सेलू, सेलू ते वालूर. दारं दोरीनं बांधलेली, धूर वीटभट्टीवानी. सीटा भरल्या तरी डिझेल भरून हातात काय उरंना, म्हणून माझं पोरगं कावलं. मंग कुणीतरी त्येच्या दिमागात घातलं, लाईटीवरची गाडी घे म्हणून. तवापासून घरात दुसरी गोष्टच न्हाई. जेवाय बसलं की नवी घ्यायची, हात धुतला की जुनी घ्यायची.

नवी घ्यायची तर समदी मेंढरं इकावी लागत्यात, वरून बँकेचा हप्ता. जुनी घेतली तर निम्मा कळप राहतो. पर जुनीची ब्याटरी गेली की तिच्या पायी परत तेवढंच घालायचं. दैवशाला म्हणायची, "मामा, नवीच घ्या, ग्यारंटी तर हाय." आमची कारभारीण भिवराबाई म्हणायची, "मेंढरं इकून दारात पत्र्याचा डबा हुबा करायलाव. डबा काय पिल्लं देणार हाय का?"

शेवटी जुनीवर आलं. परभणीत मुकुल म्हणून एक पोरगं हाय, जुन्या गाड्या इकतं. लय गोड बोलणारं. म्हणलं, "काका, बॅटरी अजून नव्वद टक्के आहे."

म्या म्हणलं, "मंग धा टक्के कुटं गेली?"

"वापरात गेली, काका."

"मंग म्होरं बी वापरातच जाईल की. ऱ्हायलेली का इमानानं बसून ऱ्हाणार हाय?"

हसलं ते. म्या काय हसलो न्हाई. मेंढीचं वय बघायचं तर जबडा उघडून दात मोजावं. ह्या गाडीचा जबडा कुटं हाय, हेच मला गावंना.

आता आमच्यात एक रीत हाय, पाव्हणं. एडका घ्यायचा झाला तर बाजारात पैसं देत न्हाईत. इसार द्यायचा आन एडका चार दिस आपल्या वाड्यावर आणून सोडायचा. खातो का, लंगडतो का, कळपात मिसळतो का, बघायचं. पटला तर पैसं, न्हाई तर एडका वापस. म्या मुकुलला तेच म्हणलं. त्यो म्हणला, "काका, गाडी म्हणजे काय मेंढा आहे का?"

म्हणलं, "एडक्यापरीस लय महाग हाय, म्हणूनच म्हणायलोय."

कबूल झालं पोरगं. इसार ठिवला आन रामकिशननं गाडी दारात आणली. पांढरी फेक. आन आवाज कसला तो न्हाईच. गल्लीतून आली तर कुत्रं भुंकलं न्हाई, मेंढरं बाजूला सरली न्हाईत. समदी म्हणली, वा वा. म्या मातर दोन पावलं मागं सरलो. सारी जिंदगी रानात गेली माझी. बिनआवाजाचं जवळ येणारं मला एकच ठावं हाय, लांडगा.

पर म्हणलं, पोराच्या खुशीत कामून माती कालवा.

मंग आलं चार्जिंगचं. गाडीसंगं एक डबा असतोय, त्येची पिन घरातल्या बोर्डात घालायची आन दुसरं टोक गाडीला लावायचं. घातली. डब्यावर लाल दिवा. काढली, परत घातली. लालच. मुकुलला फोन लावला तर म्हणतो, "अर्थिंग नसेल, काका. चांगला वायरमन बोलवा, तोवर लावू नका."

आता आमच्या गल्लीची लाईट कशी हाय ते तुमाला सांगितलं पायजे. डीपीवरून येणारी एकच तार धड हाय. दुसरी कवाच कुजली. म्हणून घरोघर अंगणात लोखंडाची सळई गाडलीय, दुसऱ्या तारंचं काम तीच करती. तिच्याभवतालचा खड्डा सुकला की बलब काजव्यावानी होतो. बादलीभर पाणी वतलं की लख्ख. उन्हाळ्यात आमच्या बायांचं ते रोजचं कामच हाय, तुळशीला तांब्या आन सळईला बादली. कुणाला त्यात काय वाटत न्हाई. आमाला वाटलं समद्या जगात असंच असतंय.

रामकिशननं चंद्रभानला बोलवलं. हितला जळालेल्या पाण्याच्या मोटारी भरून देणारा चंद्रभान. बोर्ड खोलला, दातानं तार सोलली आन म्हणला, "काका, ह्या डब्याला जरा खोटं बोलावं लागतंय." डब्याला जी अर्थिंगची तार पायजे होती ती बी त्येनं त्याच सळईला जोडून दिली, जिच्यावर घरातले दिवे चालायलेत. पिन घातली. हिरवा दिवा! रामकिशननं त्येला चहा पाजला, दैवशालानं गाडीला कुकू लावलं. मी बी खुश झालो बघा.

एक-दोन दिस बरे गेले. मंग एक दिशी दुपारी गाडी चार्जिंगला लावलेली, आन शेळी तिच्या पुढल्या कडीला बांधलेली होती. आमचं काय, दिसंल तिथं दावं अडकवायचं. शेळी पत्रा चाटाय गेली आन अशी वरडली, चारी पायांवर उडाली, दावं तोडून थेट परसात. रामकिशन पोट धरून हसाय लागला. "दादा, गाडीनं लाथ मारली तिला!"

म्या बोटाची मागली बाजू हळूच पत्र्याला लावली. मुंग्या आल्या, पार कोपरापतुर.

चंद्रभानला इचारलं. म्हणला, "चिमटा बसतोय जरासा. चप्पल घालून हात लावत जा, काका. तुमी उगं भेताव."

व्हय, भेलो. त्या दिसापसून मी गाडीला वळसा घालून घरात जायलो. लेकरं जवळ गेली की वरडायलो. शेळ्या दुसरीकडं बांधल्या.  भिवराबाई म्हणायची, "वाघाला न भेणारा माणूस, पत्र्याला भेयालाय." तिला कसं सांगू? वाघाचा वास येतो, पाव्हणं. ह्येचा वास बी येत न्हाई.

रामकिशनला म्हणलं, "वापस दे लेका गाडी. एडका आजारी हाय."

"दादा, परवाचं पाथरीचं भाडं घेतलंय. तेवढं मारून बघू, मंग ठरवू."

आन मंग ती दुपार. ऊन असं की पाखरू हालंना. जीप गॅरेजात खोलून पडलेली. गाडीला डबा लावलेला, आन त्यो मिनिटात हिरवा, मिनिटात लाल. सकाळधरून सळईला कुणी पाणी घातलं न्हवतं, खड्डा भेगाळलेला. रामकिशन घरात जेवाय बसला होता, आतूनच वरडला, "माय, सळईला पाणी टाक गं, गाडी चार्ज घेईना!"

मी तवाच मेंढरं घेऊन अंगणात शिरायलो होतो. भिवराबाई अनवाणी, हातात बादली. अर्धी बादली वतली, चिखलात पाय निसटला, आन तोल सावराय तिनं हात टेकवला गाडीच्या दाराला.

आन हुबीच ऱ्हायली.

वरडली न्हाई. पडली न्हाई. मला वाटलं दम खायलीय. म्या म्हणलं, "अगं, सावलीला तरी बस." ती बोलंना. माझ्याकडंच बघायली होती. दात घट्ट मिटलेले, आन लुगड्याचा पदर थरथर थरथर करायलेला. वारं कुटंच न्हवतं, पाव्हणं. पान हालत न्हवतं, आन पदर थरथरायला.

म्या धावलो. तिला मिठी मारून वढायचं, एवढंच डोक्यात. हात पुढं केला बी होता. तेवढ्यात ती शेळी आठवली, उडालेली. आन हातात काठी होती माझी, वाळलेली, बाभळीची. म्या ती उचलली आन बायकोच्या मनगटावर हाणली. सारा संसार झाला आमचा, तिच्यावर कवा हात उगारला न्हवता. पहिल्यांदा हाणली तर सुटंना. दुसऱ्यांदा सारा जोर लावला. हाड मोडल्याचा आवाज झाला, अन् ती चिखलात पडली.

दैवशाला बाहीर आली, किंचाळली. रामकिशननं बोर्ड बंद केला, पिन उपसून फेकली. भिवराबाई बेहोश. व्हट निळे. छातीला कान लावला तर आत कुटंतरी धुगधुगी.

आता सेलूला न्यायचं कशात? जीप खोललेली. गल्लीत दुसरी गाडी न्हाई. दारात हुबी ती एकच, पांढरी.

कुणीच तिला हात लावंना. रामकिशन, एवढा मोठा बाप्या, चावी हातात घेऊन हुबा, आन पाय उचलंना. म्हणला, "दादा, परत चिकटलं तर?" म्या पिन निघाल्याली बघितली, परत बघितली. मंग डोळे मिटले आन दाराला हात लावला. काय झालं न्हाई. 

तिला मागं घातलं, तिचं डोकं दैवशालाच्या मांडीवर. गाडी निघाली, बिनआवाजाची. पुढं काचंखाली आकडा दिसायला, किती चार्ज ऱ्हायलाय त्येचा. चार्ज धड झालाच न्हवता. रामकिशन म्हणला, "दादा, एसी लावू का? मायला गरम व्हायलंय." लावला तर आकडा भरभर खाली. बंद केला तर आत भट्टी. एका डोळ्यानं मी तिची छाती बघायलो, दुसऱ्या डोळ्यानं त्यो आकडा. आकडा कमी झाला की मला वाटायचं, हिचाच श्वास कमी झाला. म्या त्या मशीनीच्या पाया पडलो, पाव्हणं. म्हणलं, तूच धरलंस, आता तूच पोचव.

पोचवलं. सरकारी दवाखान्याच्या फाटकात आकडा लाल होऊन चमकायला लागला होता.

डाक्टरनं लय येळ घेतला. मी बाहीर भिताडाला टेकून बसलेलो. तिथला पंखा घरघर करायला होता, मला त्या पंख्याचं बी भेव वाटायलं. मंग आत बोलवलं. डोळे उघडले होते तिनं. हात फळीला बांधलेला. माझ्याकडं बघून पहिलं काय म्हणली ठावं हाय का?

"मारलं व्हय मला?"

"मारलं."

"इतक्या वरसानं निमित्त गावलं वाटतं."

दैवशाला हसत रडायली. मी बाहीर येऊन हुबा ऱ्हायलो.

गाडी मुकुलला वापस दिली. इसार गेला, जाऊ द्या. भिवराबाईचा हात जुडला, पर उजव्या हाताच्या दोन बोटांना अजून गरम-थंड कळत न्हाई. चुलीवरचं भांडं उचलती आन भाजल्याचं मागून दिसतंय. काल मी बघितलं, डाव्या हातानं बादली घेऊन सळईकडं निघाली होती. म्या वरडलो तर म्हणती, "दिवे बारीक झालेत की वो."

आन रामकिशनचं डोकं काय म्हणतंय? जुनी होती म्हणून असं झालं, आता नवीच घेऊ. मेंढराला गिऱ्हाईक बी बघून ठिवलंय त्येनं. पाव्हणं, मी म्हणत न्हाई नवी वाईट. धूर न्हाई, खर्च कमी, खुशाल घ्यावं. पर जुनीत खोड न्हवती, मुकुल बी खोटं बोलला न्हवता. सळई सुकली की घरातल्या दिव्यांचा करंट जमिनीत न जाता चंद्रभाननं जोडलेल्या तारंतून गाडीच्या पत्र्यात यायचा. नवी आणली तरी तिची पिन आमच्याच बोर्डात जाणार हाय, त्याच सळईवर. महिनाभर आमी नवी-जुनीचा हिशोब केला, बॅटरी धरली, हप्ता धरला, डिझेल धरलं. डीपीपसून नवी तार, गाडीच्या अर्थिंगसाठी येगळा खड्डा, आन माणसाला करंट लागला की लाईट खटकन बंद करणारं एक बटन असतंय त्ये, हे कुणी धरलंच न्हाई. रामकिशनला म्हणलं तर म्हणतो, आधी गाडी येऊ द्या, तारंचं मागून बघू. बापाला भित्रा म्हणून मोकळा झाला.

तुमी त्येच्या बायकोचे भाऊ हाव, तुमाला त्यो उलटून बोलायचा न्हाई. जीवनराव, हात जोडतो. उद्या त्येच्यासंगं जा, गाडी पसंत करा, रंग बी तुमीच ठरवा. पर हितं दारात तार वढून, खड्डा करून, वायरमननं तपासून दिल्याबिगर त्येला चावी हातात घेऊ देऊ नका.